यंत्रं जोडली, भाषांचं काय?

उंब्रजसारख्या गावातही आता एकाच घरात विंडोजचा जुना पीसी, कॉलेजला जाणाऱ्या मुलीचा लिनक्सचा लॅपटॉप आणि दोन-तीन अँड्रॉइड मोबाइल दिसतात. ही वेगवेगळ्या जातकुळीची यंत्रं एका वायफायवर आणणं अवघड नाही. १९९७ साली ठरलेलं ८०२.११ हे मानक त्या सगळ्यांना कळतं. राउटर घराच्या मध्यावर, जरा उंच ठेवा. भिंती जाड असतील तर ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झ निवडा. पासवर्ड लावा, पीसीवरचा एक फोल्डर शेअर करा. लिनक्सलाही तो सांबामार्फत उघडता येतो.

खरी अडचण पुढेच आहे. फाइल पोहोचते, पण वाचता येत नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या यंत्रावर निरर्थक इंग्रजी अक्षरं होऊन उघडतं. उर्दूसाठी वर्षानुवर्षं इनपेज वापरलं गेलं. त्याची फाइल लिनक्सवर किंवा मोबाइलवर सहसा उघडतच नाही. शाळेच्या प्रश्नपत्रिका, जमातीचे ठराव, अब्बांची टिपणं अशी एकाच पीसीत अडकून पडतात. तो बंद पडला की सगळं गेलं.

यावरचा उपाय नवा नाही. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि अरबी लिपीही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की नवं लिखाण युनिकोडमध्येच करा आणि जुनं आतापासून त्यात उतरवायला घ्या. सुट्टीत मुलांना हे काम द्या. उर्दू आपली, मराठीही आपलीच. घरातल्या प्रत्येक पडद्यावर दोन्ही वाचता आल्या पाहिजेत.