हा मठ पडू दिला गेला

जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चच्या दारात पर्यटकांच्या बसगाड्यांची रांग असते. तिथून थोडं चढून गेलं की संत ऑगस्टीनच्या मठाचे अवशेष लागतात. लोक येतात, उरलेल्या मनोऱ्यापुढे फोटो काढतात आणि ‘काळाच्या ओघात पडलं सगळं’ असं म्हणत उतरतात. काळावर हा ठपका ठेवणं मला मान्य नाही.

ऑगस्टिनियन साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. इथलं चर्च १५९७ ते १६०२ या काळात बांधलं गेलं. मनोरा तब्बल ४६ मीटर उंच, आणि सगळं काम जांभ्याचं. सव्वादोनशेहून अधिक पावसाळे त्यानं झेलले. मग १८३४ मध्ये पोर्तुगालनं धार्मिक संघ बरखास्त केले आणि पुढच्याच वर्षी गोव्यातले मठ रिकामे करवले, मालमत्ता सरकारजमा झाली. १८४२ मध्ये चर्चची कमान कोसळली. अवघ्या सात वर्षांत! कोकणातल्या कुणालाही हे उलगडून सांगायला नको. कुलूपबंद घराचं कौल एकदा सरकलं, की पुढचं काम पाऊस करतो. जांभ्याला चुन्याचा गिलावा लागतो आणि माणसाचं लक्षही लागतं. इथं दोन्ही काढून घेतलं. दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा १९३१ मध्ये गेला. मनोऱ्यातली घंटा तेवढी वाचली. ती आज पणजीच्या चर्चमध्ये आहे.

तरीही या ढिगाऱ्यानं एक थोर काम केलं. जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान हिनं धर्म सोडायला नकार दिला, म्हणून इराणच्या शाह अब्बासनं १६२४ मध्ये शिराजला तिचे हाल करून तिला मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या आणि त्या इथल्या सभागृहाच्या प्रार्थनाघरात, खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवल्याची नोंद केली. छप्पर गेलं, खिडकी गेली, नोंद मात्र टिकली. त्या नोंदीचा माग काढत भारतीय पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं आणि हाडाचा एक तुकडा हाती आला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला, तर भारतीय नमुन्यांत न आढळणारा आणि जॉर्जियन नमुन्यांत सापडणारा मातृवंश निघाला. २०२१ मध्ये भारतानं या अस्थींचा अंश जॉर्जियाला सुपूर्द केला. जॉर्जियात केतेवान संत मानली जाते. तिथल्या लोकांसाठी याचं मोल काय असेल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून सांगते, मनोऱ्याशी थांबू नका. आत जा. पायाखालच्या थडग्यांच्या शिळांवरची नावं वाचा. भिंतींना अजून धरून राहिलेल्या रंगीत फरशांचे तुकडे बघा, पण हात लावू नका. सभागृहाचं प्रार्थनाघर कुठलं, ते तिथल्या रखवालदाराला विचारून घ्या. पावसाळ्यात जाणार असाल तर पाऊल जपून टाका, शेवाळलेला जांभा फार निसरडा असतो.