एकास सत्त्याऐंशीचा वास्तववाद

वास्तववादी कादंबरीविषयी बोलताना आपण 'तपशिलांची अचूकता' हा निकष फार सहजपणे वापरतो. बोली नेमकी आहे, अवजारांची नावे बरोबर आहेत, म्हणून कृती अस्सल, असे निष्कर्ष समीक्षेत आढळतात आणि उत्तरपत्रिकांतही. या निकषाची मर्यादा ध्यानात यावी म्हणून साहित्याबाहेरच्या एका कलेकडे पाहावे, असे मी सुचवेन. ती कला म्हणजे छोट्या रेल्वेचा लेआउट रचणे. भाऊ जोशी यांनी पुण्यात उभारलेले आणि १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय अनेक वाचकांनी पाहिले असेल.

या छंदात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण 'एचओ', म्हणजे १:८७. मुंबई-पुणे हा सुमारे १९२ किलोमीटरांचा लोहमार्ग या प्रमाणात २.२ किलोमीटर भरतो. तो कोणत्या घरात मावणार? त्यामुळे रचनाकारापुढचा पहिला प्रश्न 'काय गाळावे?' हाच असतो. घाट दाखवायचा तर कर्जत हवे, कारण चढणीसाठी गाडीमागे जादा इंजिने जोडण्याचे काम तेथे चालते. एखादा बोगदा हवा. गाडी दिसेनाशी होऊन 'पुण्याला पोचली' असे मानता यावे, यासाठी पडद्याआड जागा हवी. बाकीची बहुतेक स्थानके वगळावी लागतात.

काटेकोर अचूकता तर रुळांपाशीच अडते. एचओच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते; ते १,४३५ मिलिमीटरांच्या मार्गाशी जुळते. आपल्या १,६७६ मिलिमीटरांच्या ब्रॉडगेजसाठी ते सुमारे १९.३ मिलिमीटर हवे. लेआउटवरचे १८ इंच त्रिज्येचे वळण प्रत्यक्षात अवघ्या ४० मीटर त्रिज्येचे ठरते. त्यावरून आपली एकही एक्स्प्रेस धावू शकणार नाही. तरीही पाहणाऱ्याला ती रेल्वे खरी वाटते. का?

अमेरिकेतील फ्रँक एलिसन यांनी १९४०च्या दशकातच याचे उत्तर सुचविले होते. त्यांनी लेआउटला रंगमंच मानले, गाड्यांना पात्रे आणि वेळापत्रकाला कथानक. मालडबा कोठून निघाला, कोणत्या सायडिंगला लागणार, त्यासाठी कोणता सांधा बदलायचा आणि पॅसेंजर कोठे थांबवायची, हे ठरले की गाडीच्या हालचालीला हेतू येतो. नुसती गोल फिरणारी गाडी कितीही हुबेहूब असली तरी खेळणेच राहते. याउलट, कॅलिफोर्नियातील जॉन अ‍ॅलन यांच्या सर्वस्वी काल्पनिक रेल्वेत एक डायनासोर शंटिंगच्या इंजिनाचे काम करीत असे! त्या अशक्य प्राण्यालाही तेथे नेमून दिलेले काम होते, म्हणून तो त्या जगात सामावला.

अचूकता निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. इंग्लंडमधील पेंडन संग्रहालयात जुन्या घरांच्या प्रतिकृती प्रत्यक्ष घरे मोजून केलेल्या आहेत. मात्र ती घरे ज्या खेड्यात मांडली आहेत, ते खेडे काल्पनिक आहे. निवडलेली घरे शेजारी कशी बसवायची, हा निर्णय मोजपट्टीने होत नाही.

म्हणून कादंबरी शिकवताना तपशिलांची यादी करवून घेऊन थांबू नये. लेखकाने काय गाळले आणि उरलेल्या प्रत्येक गोष्टीला कोणते काम दिले, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. अस्सलपणाची चर्चा खरे तर तेथून सुरू व्हायला हवी.