तापलेले तेल आणि जयणा

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास वर्षीतपाच्या पारण्यासाठी किंवा सुटीतील तीर्थयात्रेसाठी अनेक कुटुंबे स्वतःच्या गाडीने निघतात. मुंबईहून गजपंथा, मांगीतुंगीकडे जाताना अनेकदा कसारा घाट चढावा लागतो. गाडीत सात माणसे, छपरावर सामान, एसी चालू आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची घाई! हा सारा भार अखेर इंजिनातील तीन ते पाच लिटर तेलावर पडतो.

तेल हे केवळ वंगण नव्हे. पिस्टन आणि बेअरिंग यांची पुष्कळशी उष्णता तेच वाहून नेते. सामान्यतः ९० ते ११० अंश सेल्सिअस हे त्याचे योग्य तापमान होय. ते दीर्घकाळ १३० च्या पुढे राहिल्यास तेल अतिशय पातळ होते, लवकर खराब होते आणि धातूवर धातू घासण्याचा धोका संभवतो.

बहुतेक गाड्यांत तेलाच्या तापमानाचा काटा नसतो. असलाच तर कूलंटचा असतो. तो वर सरकू लागताच एसी बंद करावा, वेग कमी करून खालच्या गिअरमध्ये चढावे. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रखडवत नेल्याने उष्णता वाढते. काटा उतरत नसल्यास सुरक्षित जागी थांबावे. तेलाच्या झारीचा लाल दिवा मात्र तेलाचा दाब घटल्याची सूचना असते. तो लागताच गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये.

खरा उपाय निघण्यापूर्वीचा आहे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पट्टीवर तेलाची पातळी पाहावी. तेल कमी असल्यास उरलेले अधिक तापते. खुणेपेक्षा जास्त भरल्यास ते घुसळून फेसाळते. उत्पादकाने सांगितलेल्याच प्रतीचे तेल वापरावे आणि ते मुदतीत बदलावे. रेडिएटरच्या जाळीतील कचरा काढून घ्यावा.

दुकानाची वहीखाती रोज तपासणारा व्यापारी तेल बदलण्याचा खर्च पुढे ढकलतो आणि पुढे संपूर्ण इंजिनाचा खर्च सोसतो. हा हिशेब तोट्याचा आहे. त्याहून मोठी जोखीम घाटात अडकलेल्या वृद्धांची व बालकांची असते. चौविहार पाळायचा असेल, तर वेग वाढविण्याऐवजी पहाटे निघावे. हवा थंड असते आणि मनही शांत राहते. चालण्या-बोलण्यात पाळावयाची जयणा वाहन चालवितानाही तितकीच आवश्यक आहे.