न उघडलेला गिअरबॉक्स

34 हजार रुपये मोजून 'खोलून दुरुस्त' केलेल्या गिअरबॉक्सचा एकही बोल्ट कुणी हलवला नव्हता. बोल्टवर जुना चिखल, जुना गंज, सांध्यावरचं सीलंटही तसंच. गाडीखाली मोबाईलचा टॉर्च धरून हे बघताना डोक्यात एकच आलं, अण्णांना सांगायचं कसं?

गाडी अण्णांची, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. उन्हाळ्यात गिअर अडकायला लागला, पहिला तर खर्रकन वाजून पडायचा. आमच्या जुळे सोलापुरातून विजापूर रोडला लागलं की गॅरेजला तोटा नाही. त्यातल्या एकाकडे अण्णा कित्येक वर्षं जातात. त्याने एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला बघा काका. सिंक्रो रिंगा, बेअरिंग, सगळं खोलावं लागतंय." मी घरूनच काम करतो, तेव्हा कॉलवर होतो. हातानेच 'हो' म्हणून खुणावलं. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारात गेले. गाडी दोन महिने नीट चालली, मग पुन्हा तेच.

दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन बंद करून गिअर टाकला. लोण्यासारखा पडला. इंजिन चालू करून टाकला, अडकला. "बंद गाडीत नीट पडतोय म्हणजे गिअरबॉक्स चांगला आहे. क्लच पूर्ण सुटत नाही," म्हणाला. केबलच्या तारा तुटत आल्या होत्या. पहिल्याने ती फक्त ताणून दिली होती. नवी केबल आणि मजुरी धरून 1,200 रुपये. ही तपासणी एका मिनिटाची आहे, तुम्हीही करू शकता. मी इंजिनिअर असून केली नाही. मेकॅनिकल नाही, कॉम्प्युटरवाला, ही सबब मी स्वतःला बरेच दिवस देत होतो.

अण्णा ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "जाऊ दे. लेकराबाळांचा माणूस आहे." मित्रांचं वेगळंच, "सगळे असेच असतात बे."

मला या दोन्ही वाक्यांचा राग येतो. सगळे असेच असते तर 1,200 सांगणारा कुठून आला? लेकरंबाळं त्यालाही आहेत. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला, 2001 मध्ये त्याला नोबेल मिळालं. घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नसेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे 1,200 सांगणाऱ्याला लोक म्हणतात, याला काही कळत नाही. आपलं 'जाऊ दे' अशाच माणसाच्या पोटावर येतं.

"मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची," हा तिसरा सल्ला. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. तेव्हा तिकडेही फार भाबडेपणाने जाऊ नका.

आता आपली चूक. "साधं बिल चालेल ना काका? पक्क्याला 18 टक्के वाढतील." अण्णा म्हणाले, चालेल. मीही तेच म्हणालो असतो. सहा हजार वाचवले आणि पुरावा स्वतःच्या हाताने फेकला. गंमत म्हणजे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही, मुदत 2 वर्षं. त्याआधी 1915 या हेल्पलाइनला फोन करता येतो. आमच्याकडे यूपीआयने दिलेल्या 10 हजारांची नोंद आहे, 'गिअरबॉक्स खोललाय काका' असा त्याचा व्हॉइस मेसेज आहे आणि त्या गंजलेल्या बोल्टांचे फोटो आहेत.

तक्रार मी लिहून काढली आहे. पैसे अण्णांनी दिले, गाडी त्यांच्या नावावर, म्हणजे सही त्यांची. कागद तीन दिवस टीव्हीशेजारी पडून आहे. काल संध्याकाळी त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, 'काका' हा शब्द कशाला घातलास म्हणून विचारलं, आणि परत होता तिथे ठेवला.