सायकलचा डिस्क ब्रेक बदलताना



गेल्या पावसाळ्यात भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीतील एक ताई आमच्याकडे आल्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात. मुलगा बारावीला आहे आणि पहाटे सायकलवरून पेपर टाकतो. सायकल जुनी घेतलेली, जाड टायरची, डोंगरी धाटणीची, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. आदल्या दिवशी उतारावर ब्रेक लागलाच नाही. पोराने पाय घासत सायकल भिंतीला नेऊन लावली, म्हणून थोडक्यात निभावले. दुकानदाराने सांगितले, दोन्ही ब्रेक काढा आणि तेलाचे बसवा. खर्च काही हजारांचा.

ताई म्हणाल्या, "भाऊ, बचत गटातून कर्ज काढते. पण तेच घ्यावे लागतील का, तेवढे सांगा."

आमची उमेदीची वर्षे कारखान्यात फिटर म्हणून गेली. आम्ही म्हणालो, "ताई, आधी सायकल घेऊन या. रोग कळल्याशिवाय औषध घेऊ नये."

सायकल आली. मागची डिस्क तेलकट चकाकत होती. मुलाला विचारले, "बाळा, यावर तेल सोडलेस का?" तो म्हणाला, "हो काका, कुईकुई वाजत होता. साखळीचे तेल सोडले, आवाज थांबला." आवाज थांबला आणि ब्रेकही थांबला! डिस्क ब्रेक घर्षणावर चालतो. डिस्कवर तेलाचा थेंब पडला की पॅड ते पितात आणि मग पकड राहत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसता येते, पण तेल प्यालेले पॅड टाकून द्यावे लागतात. म्हणजे मागच्या चाकाला फक्त पॅडची जोडी हवी होती. ती काही शे रुपयांत येते.

पुढच्या ब्रेकचे दुखणे मात्र खरे होते. पॅड पार झिजून त्यांचा पत्रा डिस्कला घासत होता. डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा भाग, म्हणजे कॅलिपर, गंजून अडकला होता. तेव्हा पुढे कॅलिपर आणि डिस्क दोन्ही बदलणे भाग होते. अशा वेळी डब्यावरचे चित्र पाहून माल घेऊ नये. जुना भाग काढून दुकानात न्यावा आणि पुढील गोष्टी जुळवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट डिस्कचे माप. ते बहुधा डिस्कवरच कोरलेले असते. १६०, १८० किंवा २०३ मिलिमीटर. जे होते तेच घ्यावे. मोठी डिस्क जास्त जोराने थांबवते हे खरे, पण तिला वेगळा अडॅप्टर लागतो आणि पुढच्या चिमट्याला तो ताण सोसलाही पाहिजे. नव्या डिस्कची जाडी साधारण १.८ मिलिमीटर असते. ती १.५ वर आली की डिस्क बदलावी.

दुसरी, डिस्क चाकाला कशी बसते. सहा स्क्रूंनी बसणारी एक आणि मधल्या खाचांवर बसून एका रिंगने आवळणारी दुसरी. एकीच्या जागी दुसरी तशीच बसत नाही.

तिसरी, कॅलिपरची भोके. दोन बोल्टमधील अंतर पट्टीने मोजावे. ७४ मिलिमीटर असेल तर ते पोस्ट माउंट, ५१ असेल तर आय. एस. हे न पाहता आणलेला कॅलिपर परत करायला दुसरी खेप पडते.

चौथी गोष्ट तारेची ओढ. डोंगरी सायकलच्या लिव्हरला डोंगरी सायकलचाच कॅलिपर घ्यावा. रेसिंग सायकलच्या कॅलिपरला तार कमी ओढावी लागते, त्यामुळे तो या लिव्हरवर नीट चालत नाही. शिवाय ब्रेकच्या तारेला गिअरचे आउटर कधीही घालू नये. जोराने ब्रेक दाबल्यावर ते फाटू शकते.

पाचवी गोष्ट पॅड. त्यांचे आकार अनेक आहेत, म्हणून जुना पॅड दाखवूनच घ्यावा. रेझिनचे पॅड आवाज कमी करतात, पण पावसाच्या चिखलात लवकर झिजतात. धातूचे पॅड जास्त टिकतात, पण थोडे वाजतात. डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरावेत असे लिहिले असेल तर धातूचे पॅड तिला खाऊन टाकतात.

आता ताईंचा प्रश्न. तेलाचा ब्रेक वाईट नाही. बोटाच्या हलक्या दाबाने लागतो आणि पॅड झिजतील तसा आपोआप जुळत जातो. परंतु त्याच्या नळीतील हवा काढायला सामान आणि माहितगार माणूस लागतो. काहींना मिनरल ऑइल चालते, तर काहींना डॉट ऑइल. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागते. त्यात स्कूटरचे ब्रेक ऑइल ओतले तर आतली रबरे खराब होऊन ब्रेक निकामी होतो. तारेचा ब्रेक मात्र गल्लीतला मिस्त्रीही एल-कीने जुळवून देतो. रोज पहाटे ज्याला कामावर जायचे आहे, त्याला आपल्या गल्लीत दुरुस्त होणारा ब्रेक बरा. म्हणून आम्ही तारेचाच कॅलिपर घ्यायला सांगितले. कर्ज काढावे लागले नाही.

एक काम मात्र कोणी विसरू नये. नवे पॅड पहिल्याच दिवशी पुरते पकडत नाहीत. सपाट, मोकळ्या रस्त्यावर सायकल बऱ्या वेगाने न्यावी आणि ब्रेक सावकाश दाबून जवळजवळ थांबवावी. असे प्रत्येक चाकाला वीसेक वेळा करावे, मगच उतार धरावा. थांबल्यावर डिस्कला हात लावू नये, ती तापलेली असते.

त्या मुलाला आम्ही एकच सांगितले. "बाळा, रोज निघण्यापूर्वी दोन्ही लिव्हर दाबून सायकल पुढे ढकलून बघ. चाक फिरले तर त्या दिवशी पेपर पायी टाक." माता-पित्यांनीही आपल्या मुलांना हे आजच सांगावे. ब्रेक वाजू लागला तर तो तेल मागत नाही, तपासणी मागतो.