पणतीची जाहिरात आणि पणतीवाली

दिवाळी सरून नाताळ जवळ येतो, तेव्हा कचेऱ्यांतून, बँकांतून, महाविद्यालयांच्या प्राध्यापक-कक्षांतून चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : यंदाची कोणती जाहिरात तुम्हाला आवडली? मग एकमेकांसमोर मोबाइल धरले जातात, दोन-तीन मिनिटांच्या चित्रफिती पुन्हा पाहिल्या जातात आणि पाहता पाहता एखाद्याचे डोळेही पाणावतात. छत्रपती संभाजीनगरात हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. पूर्वी या दिवसांत सुशिक्षित मराठी माणसे 'यंदाच्या कोणत्या दिवाळी अंकात काय चांगले आले आहे?' अशी विचारपूस करीत. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली सुरू केलेली ती परंपरा अजून जिवंत आहे. परंतु सणाचे सार्वजनिक वाङ्मय म्हणून जे स्थान अंकांकडे होते, ते बव्हंशी जाहिरातीकडे गेले आहे, हे मान्य करावयास हवे.

या गोष्टीची थट्टा करणे सोपे आहे. 'चंगळवाद' हा शब्द उच्चारून मोकळे होणे त्याहून सोपे आहे. परंतु ज्या जाहिरातींनी आपल्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते, त्या बहुधा चंगळीच्या नसतात. एकाकी आजोबा, परगावी अडकलेला मुलगा, घरकामाला येणाऱ्या बाईची मुलगी, रस्त्याच्या कडेला बसलेली पणतीवाली, हे त्यांचे विषय असतात. म्हणजे आपल्या समाजाला माणुसकीची भूक आहे आणि ती कोठे भागवावी हे त्याला ठाऊक नाही. ही भूक बाजाराने आधी ओळखली. आपण तिची दखल घेणार की नाही, हा प्रश्न आहे.

हा व्यवहार कसा वाढला ते थोडक्यात पाहू. १९६७ साली विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, १९७६ च्या जानेवारीपासून त्या दूरदर्शनवर आल्या. आरंभी त्या वस्तूचे गुण सांगत. साबण मळ काढतो, तेल केस वाढवते, इतकाच त्यांचा दावा असे. पुढे जाहिरात वस्तूविषयी बोलेनाशी झाली व माणसाविषयी बोलू लागली. १९८९ च्या सुमाराची 'हमारा बजाज' ही जाहिरात आमच्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. या शहराला तर ती अधिकच जवळची, कारण बजाजचा वाळूज येथील कारखाना १९८५ पासूनचा आहे. निरनिराळ्या वेषांची साधी माणसे आणि त्यांचे वाहन यांतून तिने एका देशाचे चित्र उभे केले. मात्र त्या चित्राचा विषय वाहन वापरणारा माणूस हा होता. वाहन घडविणारा नव्हे. २४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळीचे दिवस नुकतेच संपत असताना, पीयूष पांडे निवर्तले. भारतीय जाहिरातीचा इंग्रजी पेहराव उतरवून तिला इथल्या गल्लीबोळांची भाषा देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. त्या कर्तबगारीबद्दल आदर बाळगूनही पुढील प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

२०१८ च्या दिवाळीत एका संगणक व छपाईयंत्रे विकणाऱ्या कंपनीची जाहिरात फार गाजली. पदपथावर एक वृद्धा पणत्या मांडून बसली आहे आणि त्या कोणी घेत नाही. एक लहान मुलगा ते पाहतो, घरी जाऊन छपाईयंत्रावर पत्रके काढतो, ती वाटतो आणि म्हातारीच्या सगळ्या पणत्या विकल्या जातात. जाहिरात सुंदर होती आणि तिने अनेकांना त्या वर्षी पदपथावरून पणत्या घ्यायला लावले असेल, तर तेही चांगलेच झाले. परंतु तिने एक गोष्ट सांगितली नाही. ती म्हातारी तेथे बसली आहे ती कोणाच्या मेहरबानीने नव्हे. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्यास हटवता येणार नाही, असे तो कायदा सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही तो सांगतो. गुलमंडीत किंवा पैठण गेटजवळ धनत्रयोदशीच्या दिवशी पणत्या, बोळकी, केरसुण्या घेऊन बसणाऱ्या बाईला हा कायदा ठाऊक आहे काय? तिच्याकडून दहा पणत्या अधिक घेणाऱ्या आपल्या सहृदय सहकाऱ्याला तो ठाऊक आहे काय?

येथेच जाहिरातीची मर्यादा कळते. जाहिरातीला दया दाखवता येते. हक्क दाखवता येत नाही. दयेत ग्राहक हा नायक असतो, आणि जाहिरातीला नायक म्हणून ग्राहकच हवा असतो, कारण त्याच्याच खिशाकडे तिचा डोळा असतो. हक्काच्या कथेत म्हातारी स्वतः नायिका होईल, समितीच्या बैठकीत उभी राहून बोलेल. मग छपाईयंत्र विकावे कोणाला?

हा आरोप केवळ भारतीय जाहिरातींवर नाही. ब्रिटनमध्ये नाताळच्या आधी मोठमोठ्या दुकानांच्या जाहिरातींची लोक वाट पाहतात, त्यांवर वर्तमानपत्रांतून चर्चा होते. २०१४ साली तेथील सेन्सबरी या दुकानाने पहिल्या महायुद्धातील प्रसंग घेतला. १९१४ च्या नाताळात ब्रिटिश आणि जर्मन शिपाई खंदकांतून बाहेर आले, त्यांनी एकमेकांशी हस्तांदोलन केले, ही इतिहासातील गोष्ट आहे. जाहिरातीत एक शिपाई शत्रूच्या कोटाच्या खिशात चॉकलेट सरकवून ठेवतो. तसेच चॉकलेट दुकानात विकून ते उत्पन्न माजी सैनिकांच्या संस्थेस देण्यात आले. हेतू वाईट होता असे म्हणवत नाही. तथापि त्या शिपायांचा सलोखा वरिष्ठांना मानवला नाही. शत्रूशी असा स्नेह पुन्हा होऊ नये म्हणून हुकूम निघाले आणि युद्ध आणखी चार वर्षे चालले. सामान्य माणसे परस्परांचे वैरी नव्हती, त्यांना वैरी राहण्याची आज्ञा होती, हा त्या घटनेचा खरा अर्थ. तो चॉकलेटाच्या वेष्टणात मावण्याजोगा नव्हता.

सलोख्याचा प्रश्न आपल्यालाही परका नाही. २०२० च्या ऑक्टोबरात टाटा समूहाच्या तनिष्क या दागिन्यांच्या पेढीने एक जाहिरात काढली. मुसलमान घरात हिंदू सुनेचे डोहाळजेवण चालले आहे आणि सासू आपल्या घरची रीत नसतानाही ते हौसेने करते आहे, एवढाच तिचा विषय. त्यावर गदारोळ उठला. जाहिरात मानक परिषदेने तीत नियमबाह्य काही नसल्याचा निर्वाळा दिला. तरीही पेढीने दुखावलेल्या भावना व आपल्या कर्मचाऱ्यांची सुरक्षितता यांचा हवाला देऊन जाहिरात मागे घेतली. पुढच्याच वर्षी फॅबइंडियाने दिवाळीच्या कपड्यांना दिलेले उर्दू नाव मागे घेतले. दंगलींच्या आठवणी बाळगणाऱ्या आपल्या शहरात या घटनेचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. येथे दिवाळीचे कपडे मुसलमान कारागिराच्या यंत्रावर शिवले जातात आणि ईदची खरेदी हिंदू व्यापाऱ्याच्या दुकानात होते. जाहिरातीने हे दाखवले तर उत्तमच. परंतु नफ्याच्या हिशेबावर उभे असलेले धैर्य नफ्याला धक्का लागताच बसते. दुकानातील कर्मचाऱ्यांना धोका होता हे खरे असेल, तर त्यांच्या पाठीशी उभे राहणारे नागरिक नव्हते, हेही खरे आहे. सलोखा राखण्याचे काम आपण पेढ्यांकडे सोपवून मोकळे झालो होतो.

आता न दिसणाऱ्या माणसांकडे वळू. दिवाळीच्या जाहिरातीत मिठाईचा पुडा घेऊन घरी परतणारा नोकरदार असतो. त्याच्या हातातल्या पुड्यामागे बोनस असतो, आणि बोनसमागे इतिहास असतो. १९२४ साली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे दीड लाख कामगारांनी बंद केलेल्या बोनससाठी संप केला आणि उपासमार सोसली. तो संप फसला, परंतु मागणी मेली नाही. १९६५ च्या कायद्याने व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी किमान ८.३३ टक्के व कमाल २० टक्के बोनस ठरवून दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही हे प्रमाण कायम आहे. वर्षात तीस दिवस काम केलेला पात्र कामगार त्याचा हक्कदार ठरतो. तो कंत्राटी आहे म्हणून वगळला जात नाही. असे असता वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील किती कंत्राटी कामगारांच्या हाती बोनस पडतो आणि किती जणांची मिठाईच्या पुड्यावर बोळवण होते, याची चौकशी कोणी करावी? ती कोणत्याही जाहिरातीचा विषय होणार नाही.

शेतकऱ्याची गोष्ट वेगळी नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. सोयाबीन पाण्यात कुजले, कापूस काळवंडला, कित्येक ठिकाणी माती खरवडून गेली. दिवाळीच्या तोंडावर, ७ ऑक्टोबरला, राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. त्याच पंधरवड्यात शहरातील चौकाचौकांत झळकणाऱ्या फलकांवर सोन्याची नाणी, मोटारी आणि सदनिका होत्या. जाहिरात खोटे बोलत नव्हती. तिने आपल्याला जे दाखवायचे तेवढे दाखवले आणि त्यालाच सण म्हटले.

यावर कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, आवडती जाहिरात दाखवणाऱ्या सहकाऱ्याला तुच्छ लेखू नये. त्याचे अश्रू खरे आहेत. त्याच्याबरोबर ती जाहिरात पाहावी आणि मग दोन साधे प्रश्न विचारावेत : ही जाहिरात कोणाला नायक करते? आणि ही वस्तू ज्याने घडवली तो यात कोठे आहे? उपदेशापेक्षा हे प्रश्न अधिक काम करतील. दुसरी गोष्ट, थोडक्या वेळात माणसाच्या काळजाला हात घालण्याची कला बाजाराने शोधलेली नाही. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांनी ती गिरणगावात वापरली, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी ती खेड्यापाड्यांत नेली. आज हातोहाती कॅमेरा आहे. पणतीवाली आपल्या तोंडाने आपली हकीकत सांगते आहे, अशी तीन मिनिटांची चित्रफीत आपले तरुण कार्यकर्ते करू शकत नाहीत असे नाही. जाहिरातीचे कारागीरही आज संकटात आहेत. २०२४ साली कोका-कोलाने आपली नाताळची जाहिरात कृत्रिम बुद्धिमत्तेकरवी तयार करून घेतली, तेव्हा जगभरच्या चित्रकारांनी संताप व्यक्त केला. हे कारागीर या कामात आपले सोबती होऊ शकतात.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुढची दिवाळी येण्यापूर्वी दोन कामे हाती घ्यावीत. महानगरपालिकेकडे पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण व समितीची निवडणूक यांविषयी लेखी विचारणा करावी आणि विक्रेत्यांना सोबत घेऊन तिचा पाठपुरावा करावा. औद्योगिक वसाहतींत कंत्राटी कामगारांच्या बोनसची नोंद गेटागेटावर करावी आणि ती कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावी. ही कामे कंटाळवाणी आहेत, त्यांत संगीत नाही. परंतु पणतीवालीला पुढच्या धनत्रयोदशीला आपल्या जागेवर निर्धास्तपणे बसता आले आणि तिच्या पोराला वाळूजच्या कारखान्यातून हक्काचा बोनस मिळाला, तर त्या घरची दिवाळी कोणा लहान मुलाच्या पत्रकांवर अवलंबून राहणार नाही.