न आलेली तक्रार

घरगुती संगणक आणि इंटरनेट जोडण्यांच्या दुरुस्तीच्या व्यवसायात जी तक्रार येते ती बहुतेक वेळा वाय-फायची असते. बॅकअपची, म्हणजे माहितीच्या राखीव प्रतीची, तक्रार सहसा येत नाही, आणि येते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात फायबर जोडणारे, राउटर बसवणारे आणि संगणक फॉरमॅट करून देणारे तंत्रज्ञ ही दोन कामे वेगवेगळी मानतात. घरात मात्र ती एकमेकांत गुंतलेली असतात, कारण मोबाइलमधील छायाचित्रांची प्रत बहुतेक घरांत वाय-फाय मिळेल तेव्हाच वर चढते, मोबाइल रात्री चार्जिंगला लागतो तो आतल्या खोलीत, आणि केबलवाल्याने दाराजवळ टीव्हीच्या कपाटात ठेवून दिलेल्या राउटरची रेंज नेमकी तिथेच सर्वांत क्षीण असते.

रेंज क्षीण असली की काय घडते, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. वाय-फायमध्ये एका चॅनलवरील सर्व उपकरणे आळीपाळीने बोलतात, आणि दूरचा मोबाइल कमी वेगाने बोलत असल्यामुळे तेवढीच माहिती पाठवण्यासाठी तो कितीतरी अधिक वेळ चॅनल अडवून धरतो. परिणामी आतल्या खोलीतून शेकडो छायाचित्रे चढू लागली की बाहेरच्या खोलीतील व्हिडिओ अडखळू लागतो. त्यात ग्राहकाच्या योजनेत अपलोडचा वेग कमी असेल, तर राउटरच्या आत बाहेर जाणाऱ्या माहितीची रांग साचते आणि वेगमापन चांगले दिसत असतानाही ऑनलाइन बैठकीतील आवाज तुटतो. अशा वेळी 'फोटोंचा बॅकअप बंद करा, नेट चालेल' हा सल्ला तत्काळ गुण देतो, तक्रार मिटते, पैसे मिळतात, आणि त्या दिवसापासून त्या घरातील छायाचित्रांची दुसरी प्रत तयार होणे थांबते. या व्यवसायातील सर्वांत महाग सल्ला कोणता, असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल.

दोष कुठे आहे हे ठरवण्याची रीत अवघड नाही, पण ती क्रमाने पाळावी लागते. ग्राहकाच्याच खोलीत उभे राहून आधी राउटरच्या स्थानिक पत्त्याला आणि मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करावे, म्हणजे छोटासा निरोप पाठवून त्याचे उत्तर किती मिलिसेकंदांत येते ते पाहावे. राउटरचेच उत्तर कधी ३ तर कधी ३०० मिलिसेकंदांनी येत असेल, तर दोष घरातील हवेत आहे आणि त्यासाठी इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवून उपयोग नाही. राउटरचे उत्तर स्थिर आणि बाहेरचे डळमळीत असेल, तर ओएनटीच्या, म्हणजे फायबरचा प्रकाश घरातील जोडणीसाठी रूपांतरित करणाऱ्या डब्याच्या, पानावरील प्रकाशाची पातळी वाचावी. नेहमीच्या बी प्लस वर्गातील उपकरणांची मर्यादा उणे २७ डीबीएम आहे, आणि आकडा तिच्या जवळ असेल तर लाल दिवा लागण्याची वाट न पाहता कपाटामागे दुमडलेली पॅच कॉर्ड आणि खांबावरचा जोड तपासावा.

हवेतील दोषाचे स्वरूप मात्र तिन्ही शहरांत सारखे नाही. उल्हासनगरात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ चौरस किलोमीटरमध्ये ५ लाखांहून अधिक लोक राहत होते. जुन्या लष्करी छावणीच्या बराकींतून वाढलेल्या या शहरात घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते आणि त्याचा राउटर हाताच्या अंतरावर असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ चॅनल वापरता येत असले, तरी परस्परांना न छेदणारे १, ६ आणि ११ हे तीनच. मोकळा दिसतो म्हणून ३ किंवा ८ क्रमांक निवडणारा तंत्रज्ञ ग्राहकाचे भले करीत नाही, कारण एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे बोलणे ओळखून थांबतात, तर अर्धवट छेदणाऱ्या चॅनलवरचे बोलणे त्यांना निव्वळ गोंगाट वाटते. तेथे चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर आणून जवळची उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर नेणे हाच मार्ग उरतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्या पट्ट्याचा बराच मोठा भाग परवानामुक्त केला, तेव्हापासून तिथे जागेची ददात नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या संकुलांत अडचण वेगळी असते, ती काँक्रीटच्या भिंतींची आणि लोखंडी कपाटांची. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी तिथे लवकर विरतात. स्वस्तातला रिपीटर त्याच रेडिओवर ऐकून पुन्हा बोलतो, म्हणून वेग जवळजवळ निम्मा करतो. आतल्या खोलीपर्यंत शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणे हे खर्चिक असले तरी खरे उत्तर आहे, आणि छायाचित्रांची प्रत रात्रीतून निमूटपणे चढण्याची सोयही त्यातूनच होते.

प्रत एकाच घरात असणे पुरेसे नाही, हे या पट्ट्याला वेगळे सांगावे लागू नये. २६ जुलै २००५ च्या पुराने आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये, बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तेव्हाच्या पुराने, उल्हास नदीकाठच्या वस्त्यांत तळमजले बुडाले. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. संगणक आणि बाहेरील हार्ड डिस्क एकाच कपाटात असतील, तर अशा वेळी दोन्ही एकदमच जातात. पीटर क्रोग या छायाचित्रकाराच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ हा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, येथे पाळायचा तर बदलापूरच्या वालिवली भागातील तळमजल्यावरच्या कुटुंबाची एक कूटबद्ध डिस्क अंबरनाथच्या नातेवाइकाकडे वरच्या मजल्यावर राहू शकते. पाण्यात बुडालेली डिस्क चालते का हे पाहण्यासाठी ती कधीही सुरू करू नये, हेही ग्राहकाला पावसाळ्याआधीच सांगून ठेवलेले बरे.

दुसऱ्या ठिकाणची प्रत म्हणून अनेकजण क्लाउड ड्राइव्हवर विसंबतात, पण तिथे आपोआप चढणारी प्रत ही पुष्कळदा केवळ जुळवणी असते: संगणकावरची फाइल पुसली की तिकडचीही जाते आणि ठरावीक दिवसांनी कचरापेटीतूनही नाहीशी होते. खंडणीखोर विषाणू तर जोडून ठेवलेल्या बाहेरील डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतात, म्हणून प्रत घेऊन झाल्यावर ती डिस्क काढून ठेवावी. स्टॉप या नावाने ओळखले जाणारे अशा विषाणूंचे कुल प्रामुख्याने चोरीच्या सॉफ्टवेअरमधून आणि ॲक्टिव्हेटरमधून पसरले. असे ॲक्टिव्हेटर पेनड्राइव्हवर घेऊन घरोघरी फिरणाऱ्या तंत्रज्ञाने ग्राहकाला सुरक्षिततेवर उपदेश करणे हास्यास्पद आहे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे फॉरमॅटची कामे वाढलेली असताना दोन गोष्टींकडे विशेष लक्ष हवे. उल्हासनगरच्या व्यापारी घरांत हिशेब टॅलीत असतो आणि टॅलीप्राइमची माहिती मूळ रचनेत डॉक्युमेंट्समध्ये न राहता पब्लिक फोल्डरमध्ये राहते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उतरवून डिस्क पुसणारा तंत्रज्ञ ज्या वह्या जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या असतात त्याच पुसून टाकतो. दुसरे असे की, मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या विंडोज ११ मध्ये डिस्क पुष्कळदा आपोआप कूटबद्ध होते, तेव्हा पुनर्प्राप्तीची किल्ली ग्राहकाच्या खात्यात आहे याची खातरजमा मदरबोर्डला हात लावण्याआधी व्हावी.

वाय-फायच्या तक्रारीसाठी घरात गेलेल्या व्यावसायिकाने निघण्यापूर्वी शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे ते पाहावे, त्यातील एक फाइल प्रत्यक्ष परत उघडून दाखवावी आणि दोन्ही गोष्टी पावतीवर लिहाव्यात. या कामाला एक-दोन मिनिटे लागोत की अर्धा तास, त्याचे वेगळे शुल्क घेण्यात कोणीही संकोच करू नये.